हलकी रॅकेट, जड स्मॅश

दुकानात नवी रॅकेट हातात आली की गिऱ्हाईक आधी मनगटाला झटका देऊन हवेतच एक स्मॅश मारून बघतं. मग मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं ‘३यू’, ‘४यू’, ‘५यू’ वाचतं. आपण अटॅकिंग खेळतो असं सांगितलं की दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो: मग जड घ्या, हलक्या रॅकेटने स्मॅश बसत नाही.

हा सल्ला अर्धाच खरा आहे.

आधी त्या अक्षरांबद्दल. योनेक्सच्या पद्धतीत ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४.९ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९.९ ग्रॅम. आकडा वाढला की वजन उतरतं. बॅडमिंटनच्या नियमांत रॅकेटच्या लांबीला ६८० आणि रुंदीला २३० मिलिमीटरची मर्यादा आहे. वजनाला मात्र कसलीच मर्यादा नाही. त्यामुळे कंपन्या कार्बन तंतूंच्या जोरावर ग्रॅमग्रॅमने खाली उतरत राहिल्या आणि साठ ग्रॅमच्या आसपासच्या रॅकेटही बाजारात आल्या.

पण तराजूवरचं वजन आणि फिरवताना जाणवणारं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॅकेट उचलायची नसते, फिरवायची असते. फिरणाऱ्या वस्तूत प्रत्येक ग्रॅमची किंमत अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. अक्ष मुठीत आहे असं धरलं, तर त्यापासून ५ सेंटीमीटरवरचा एक ग्रॅम आणि फ्रेमच्या माथ्यावर, ६० सेंटीमीटरवर चिकटवलेला एक ग्रॅम यांच्यात १४४ पटींचा फरक पडतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात, रॅकेटच्या जगात स्विंगवेट.

ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस आणि त्यांचे सहकारी बोअर यांनी २००६ मध्ये याचीच परीक्षा घेतली. चार विद्यार्थ्यांच्या हातात सहा दांडे दिले: तीन दांड्यांचं वजन सारखं पण स्विंगवेट निरनिराळं, उरलेल्या तीन दांड्यांचं स्विंगवेट सारखं पण वजन निरनिराळं. स्विंगवेट वाढलं की हाताचा वेग घटत गेला. नुसतं वजन बदलल्याने मात्र तो फारसा हलला नाही. म्हणजे ‘५यू’ हा शिक्का रॅकेट किती वेगाने फिरेल याची हमी देत नाही. ते पाच-सात ग्रॅम मुठीतून काढले की माथ्यातून, हा खरा प्रश्न.

आता स्मॅशकडे वळू. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. आघाताच्या जागी रॅकेटचं परिणामी वस्तुमान, म्हणजे धडकेत प्रत्यक्ष कामी येणारं वस्तुमान, ढोबळमानाने ३५ ग्रॅम धरलं आणि हलकी रॅकेट घेतल्याने ते ३० वर आलं, तर तेवढ्याच वेगाने मारलेल्या फटक्यात शटलचा वेग जेमतेम दोन टक्क्यांनी घटतो. पाच ग्रॅमच्या पिसांना पळवायला तीस ग्रॅमही पुष्कळ झाले. उलट क्रॉस यांच्या प्रयोगातला कल लावला तर हाताचा वेग चारेक टक्क्यांनी वाढतो. हिशेब बरोबरीच्या आसपास किंवा किंचित फायद्यात सुटतो. ३०० किलोमीटरचा स्मॅश ३०६ चा होईल, इतकंच! त्यासाठी कुणी हजारो रुपये मोजत असेल तर हौसेला मोल नाही म्हणायचं.

शिवाय हा वेग टिकतो कुठे? सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथे ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून गिनीज विक्रम केला. त्याआधीचा, मलेशियाच्या तान बून हिओंगचा ४९३ चा विक्रम दहा वर्षं टिकला होता. पण हे आकडे शटल तारांवरून सुटतानाचे. हवेचा विरोध त्याला लगेच पकडतो, आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यातला फार थोडा वेग उरतो.

हलक्या रॅकेटचा खरा लाभ पहिल्या स्मॅशमध्ये नाही, त्यानंतरच्या फटक्यात आहे. स्मॅश उचलला गेला, ड्राइव्ह छातीवर आला, नेटवर शटल फूटभर उडालं, तर तिथे हात फिरवायला पुरेशी जागाच नसते. अशा वेळी रॅकेट वर यायला लागणारा क्षणभराचा उशीर गुण घालवतो. डबल्समध्ये तर हा फरक उघडच दिसतो. योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ याच विचाराने दोन रूपांत निघाली: ८८डी मागच्या कोर्टातून ठोकणाऱ्यासाठी, ८८एस पुढे नेटवर झडप घालणाऱ्यासाठी.

तेव्हा आक्रमक खेळाडूने हलकी रॅकेट घ्यायची तर ५यू किंवा ४यू, आणि तोल माथ्याकडे झुकलेला. बॅलन्स पॉइंट मुठीच्या टोकापासून २९५ ते ३०५ मिलिमीटर असला तर जमून जातं. शाफ्टचा ताठपणा आपल्या झटक्याच्या वेगाशी जुळायला हवा. वेग कमी असलेल्याने स्टिफ शाफ्ट घेतला तर तो वाकतच नाही, मग सरळ होताना द्यायचा धक्का तरी कुठून देणार? रविवारच्या खेळाडूला मीडियम पुरतो.

बॅलन्स पॉइंटही सांभाळून वाचावा लागतो. ८३ ग्रॅमच्या रॅकेटवर पाच ग्रॅमची ओव्हरग्रिप गुंडाळली की तोल ३०० वरून २८८ मिलिमीटरवर उतरतो. कागदावर ‘हेड हेवी’ रॅकेट एका पट्टीने समतोल झाली! पण पट्टी मुठीतच असल्याने फिरवताना तिचा भार जवळजवळ शून्य.

तारांचं नेमकं उलट. गटिंगला, म्हणजे तारा ओवायला, लागणाऱ्या दहा मीटर तारेचं वजन तीन-चार ग्रॅमच, पण ते सगळं माथ्यात. त्याने स्विंगवेट सुमारे आठ टक्के वाढतं. दुकानात बिनतारांची रॅकेट फिरवून ‘पिसासारखी आहे’ म्हणत घरी नेणारं गिऱ्हाईक गटिंग करून आणली की बुचकळ्यात पडतं, ते त्यामुळेच. म्हणून विकत घेण्याआधी क्लबमधल्या कुणाची तारा लावलेली तीच रॅकेट दोन गेम मागून घ्यावी. त्यातही पहिल्या गेममधल्या स्मॅशपेक्षा दुसऱ्या गेमच्या शेवटी, खांदा भरून आल्यावर, उचललेल्या शटलवरचा तिसरा स्मॅश कुठे पडतो ते बघावं.