प्रॉडक्ट मॅनेजरला प्रोग्रॅमिंग यायलाच हवे काय?

मी बँकेत कारकून, तोही बी. ए. झालेला. या विषयावर लिहिण्याचा याला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. परंतु अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या माझ्या पुतणीने प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे म्हणून कोडिंगच्या महागड्या क्लासचा हट्ट धरला आणि मला चौकशी करावी लागली.

वस्तू किंवा सेवा कोणासाठी बनवायची, तिच्यात आधी काय घालायचे, काय वगळायचे, हे ठरवणारा तो प्रॉडक्ट मॅनेजर. या कल्पनेचे मूळ साबणात आहे! १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील नील मॅकेलरॉय यांनी टिपण लिहून प्रत्येक मालामागे त्याची जबाबदारी घेणारा स्वतंत्र माणूस मागितला. तेही अर्थशास्त्राचेच पदवीधर होते.

आता आपल्या रोजच्या यूपीआयचे पाहा. पैसे देणाऱ्याच्या बँकेत रक्कम वजा होते, निरोप मधल्या यंत्रणेतून दुसऱ्या बँकेत जातो, तेथे ती जमा होते. दुसऱ्या बँकेचे उत्तर अडकले, तर व्यवहार झाला की नाही हे त्या क्षणी निश्चित सांगता येत नाही. आमच्या काउंटरवर एक भाजीवाल्या मावशी आल्या होत्या. मोबाइलवर 'प्रलंबित' दिसले म्हणून घाबरून त्यांनी पुन्हा पैसे पाठवले. 'थांबा, पुन्हा पैसे पाठवू नका' हे वाक्य तेथे ठळक हवे की नको, हे प्रॉडक्ट मॅनेजरने ठरवायचे असते. त्यासाठी निरोप कोठे अडकतो हे कळायला हवे. प्रोग्रॅम लिहिता आला नाही तरी चालते. ते न कळणारा साहेब 'लगेच हो किंवा नाही दाखवा' असा अशक्य हुकूम सोडतो आणि इंजिनिअर मंडळी त्याचे ऐकेनाशी होतात.

मात्र किती ग्राहकांनी दुबार पैसे पाठवले, हे स्वतः शोधता यावे. त्यासाठी एसक्यूएल शिकावे. खातेवही वाचता येणाऱ्याला ते जड नाही. वस्तूच प्रोग्रॅमरांच्या वापराची असेल, तर मात्र कोडिंगवाचून भागत नाही. शिवाय अनेक जाहिराती इंजिनिअरिंगची पदवी मागतात. ही अडचण खरी आहे, ती लपवून उपयोग नाही. अशा वेळी ग्राहकसेवा किंवा टेस्टिंग विभागातून आत शिरून पुढे सरकण्याची वाट उरते.

पुतणीने तो क्लास लावला नाही. सध्या ती एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी घेते. कोणती तक्रार किती वेळा आली, का आली, याची वही ठेवते. त्याच कंपनीत पुढल्या जागेची मुलाखत निघाली आहे. ती वही सोबत नेणार आहे.