लेखांक ६ : मतपेटी दोन्हीकडे असते

मतदान होते एवढ्यावरून एखादे राज्य लोकशाही ठरत नाही. सोव्हिएत संघात निवडणुका नेमाने होत आणि मतदानाचा अधिकृत आकडा ९९ टक्क्यांच्या वर जाई. मतपत्रिकेवर नाव मात्र एकच असे, कम्युनिस्ट पक्षाला मान्य असलेले. ती आहे तशी पेटीत टाकली की मत पडले. विरोध नोंदवायचा तर नाव खोडावे लागे, आणि ते गुपचूप करायचे तर पडद्याआड जावे लागे. पडद्याआड कोण गेले, हे केंद्रावर बसलेल्या सगळ्यांना दिसे. आपल्याकडे जो आडोसा मतदाराला निर्भय करतो, तोच तिथे त्याला उघडा पाडत असे.

म्हणून राज्यपद्धती पारखताना पहिला प्रश्न हा की, सत्तेवर बसलेल्यांना कायद्याच्या वाटेने खाली उतरवता येते का?

भारतीय राज्यघटनेच्या ७५व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मते पडली, विरुद्ध २७०. एका मताने सरकार गेले. रस्त्यावर रणगाडा आला नाही, कोणाला अटक झाली नाही. पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी देश पुन्हा मतदानाला गेला.

चीनमध्येही घटना आहे आणि तिच्यानुसार राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभा ही सर्वोच्च सत्ता आहे. पण जनता थेट मत देते ती फक्त तालुका आणि गावपातळीवर; वरच्या सभा खालच्या सभांतून निवडल्या जातात आणि उमेदवारांची चाळणी पक्षाच्या हाती असते. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २,९५८ जणांनी होकार दिला आणि दोघांनी नकार. निर्णय पक्षात आधीच झालेला होता, सभेने त्यावर शिक्का मारला.

या दोहोंच्या मधली, आणि म्हणून अधिक फसवी, रचना म्यानमारची. २००८च्या घटनेने संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्कराला दिल्या. महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मते लागतात. म्हणजे निवडून आलेले सगळे सदस्य एक झाले, तरी लष्करातला एक तरी माणूस फुटल्याशिवाय दुरुस्ती होणे नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही खातीही सरसेनापतीने ठरवलेल्या माणसांकडे. एवढे कुंपण घालूनही नोव्हेंबर २०२० मध्ये आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकली. नवी संसद १ फेब्रुवारी २०२१ रोजी भरायची होती. त्याच पहाटे लष्कराने नेत्यांना ताब्यात घेतले.

हा धोका फक्त परदेशातला समजू नये. २५ जून १९७५ रोजी आपल्याकडे आणीबाणी आली ती घटनेतल्याच ३५२व्या अनुच्छेदाच्या आधारे. विरोधी नेते तुरुंगात गेले, छपाईआधी मजकूर सरकारी तपासनिसाला दाखवावा लागू लागला. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. ते एक मत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे होते. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षे केली. घटनेचे पुस्तक जागेवरच होते, पण सत्ता उतरवण्याच्या वाटा एकेक करून बंद होत होत्या. संस्था वाकल्या की कलमे एकटी काही वाचवू शकत नाहीत, हे त्या एकवीस महिन्यांनी दाखवले.

तरीही मार्च १९७७ मध्ये मतदान झाले आणि मोजणी खरी झाली. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी हरल्या आणि त्यांनी पद सोडले. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे केली. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण काढून तिथे 'सशस्त्र उठाव' आले आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला. जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिरा गांधींना पुन्हा पंतप्रधानपदी बसवले.