थाई योग मसाज : परंपरा, पद्धत आणि शरीरशास्त्र

थाई योग मसाजला तेल लागत नाही, टेबल लागत नाही आणि त्यासाठी कपडेही उतरवावे लागत नाहीत. सैल सुती कपडे घालून जमिनीवरच्या पातळ गादीवर झोपायचे आणि अंग सैल सोडायचे, एवढेच मसाज घेणाऱ्याचे काम. मसाज करणारा तळहात, अंगठे, कोपर, गुडघे आणि पावले यांनी दाब देतो आणि हातपाय, कंबर, पाठ यांना योगासनांसारखा ताण देतो. थायलंडमध्ये या पद्धतीला 'नुआद थाई' म्हणतात. 2019 मध्ये युनेस्कोने तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

थाई परंपरा या विद्येचे मूळ जीवकाशी जोडते. जीवक हा मगधाचा राजा बिंबिसार आणि गौतम बुद्ध यांचा वैद्य. त्याचे शिक्षण तक्षशिलेत झाल्याचे बौद्ध ग्रंथ सांगतात. आजही अनेक ठिकाणी मसाजापूर्वी पाली भाषेत जीवकाचे स्मरण केले जाते. त्याने स्वतः ही पद्धत घडवल्याचा ऐतिहासिक पुरावा मात्र नाही. बौद्ध धर्माबरोबर थायलंडमध्ये पोहोचलेले भारतीय वैद्यक आणि योगविचार यांची तिथल्या लोकवैद्यकाशी सांगड शतकानुशतके पडत गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. 1687 मध्ये सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेलेला फ्रेंच राजदूत सिमोन द ला लुबेर याने आजाऱ्याचे अंग जाणकाराकडून पायाने तुडवून घेण्याची तिथली रीत नोंदवून ठेवली आहे.

1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली आणि वैद्यकाचे कितीतरी ग्रंथ नाहीसे झाले. उरलेले ज्ञान पुन्हा हरवू नये म्हणून राजा तिसरा राम याने एकोणिसाव्या शतकात बँकॉकच्या वाट फो मंदिरात ते दगडावर कोरून घेतले. त्यातल्या 60 शिलापटांवर मानवी आकृत्या असून दाबाच्या जागा आणि रेषा त्यांवर दाखवल्या आहेत. आवारात आसने करणाऱ्या ऋषींचे पुतळेही आहेत. कोणालाही येऊन वाचता येईल असे हे वैद्यकाचे खुले पाठ्यपुस्तक होते. वाट फोमधील शिलालेखांची नोंद 2011 मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या नोंदवहीत झाली. याच मंदिरात 1955 पासून पारंपरिक वैद्यकाचे विद्यालय चालते.

शिलापटांवरच्या रेषांना 'सेन' म्हणतात. शरीरात अशा असंख्य वाहिन्या असून त्यांतून वायू खेळतो, त्यांपैकी दहा मुख्य आहेत आणि त्या नाभीच्या परिसरातून निघतात, अशी मांडणी आहे. त्यांतल्या इथा, पिंगखला आणि सुमना या तीन रेषा योगशास्त्रातल्या इडा, पिंगला आणि सुषुम्ना नाड्यांची आठवण करून देतात. वायू अडला की दुखणे उद्भवते आणि दाबाने वाट मोकळी होते, असे पारंपरिक वैद्य मानतात. शवविच्छेदनात अशा स्वतंत्र वाहिन्या आढळत नाहीत. तरीही कुठे, कोणत्या क्रमाने आणि किती दाबायचे याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेण्यासाठी हा नकाशा उपयोगी पडला.

पूर्ण मसाजाला साधारण एक ते दोन तास लागतात. आधी पाय धुतले जातात आणि सुरुवात तळपायांपासून होते. तिथून पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, हात, खांदे, मान आणि डोके असा क्रम असतो. दरम्यान उताणे, कुशीवर, पालथे आणि शेवटी बसते केले जाते. कुशल मसाज करणारा मनगटाच्या जोरावर दाबत नाही. तो कोपर सरळ ठेवतो, गुडघ्यांवरून पुढे झुकतो आणि शरीराचे वजन हळूहळू अंगठ्यावर येऊ देतो. काही क्षण थांबून तो मागे येतो आणि अंगठा बोटभर पुढे सरकवतो. स्नायू सैलावले की भुजंगासनासारखा पाठीचा ताण किंवा कमरेचा पीळ दिला जातो. राजदरबारी शैलीत भर हातांच्या दाबावर असतो. कोपर, गुडघे आणि पावले वापरतात ती लोकशैली.

काही ठिकाणी औषधी पुरचुंडीचा शेकही देतात. आल्याच्या कुळातला 'प्लाय' हा कंद, हळद, गवती चहा, चिंचेचा पाला, लिंबाची साल, कापूर आणि मीठ सुती फडक्यात घट्ट बांधून पुरचुंडी वाफवतात. ती आधी झटपट टेकवत आणि सोसवू लागल्यावर दाबून धरत अंग शेकले जाते.

या सगळ्याचा परिणाम आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेतही सांगता येतो. त्वचा आणि स्नायूंमधली संवेदनाग्रे दाबाचे संदेश मज्जारज्जूकडे पाठवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार असे संदेश वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात रोखतात. संथ लयीतल्या दाबाने शरीर विश्रांतीच्या अवस्थेकडे झुकते आणि नाडी मंदावते. ताणानंतर सांधे अधिक वळू लागतात, त्याचे मोठे कारण मज्जासंस्था तेवढा ताण सहन करू लागते हे असते. स्नायूंची लांबी एका बैठकीत वाढत नाही.

कंबरदुखी आणि मान-खांद्यांच्या दुखण्यावर थाई मसाजाने काही काळ आराम मिळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र यातले बरेच अभ्यास लहान आणि थोड्या कालावधीचे आहेत. मसाजाने शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडतात या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मधुमेह, रक्तदाब किंवा सांध्यांच्या आजारांवरील औषधांना मसाज हा पर्याय नाही.

दाब आणि ताण जोरकस असल्याने हा मसाज प्रत्येकाला मानवतोच असे नाही. हाडांचा ठिसूळपणा, नुकतेच झालेले अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी, सरकलेली मणक्याची चकती, आटोक्यात नसलेला रक्तदाब, त्वचेचा संसर्ग आणि ताप असताना तो टाळावा. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काही जण जांघेतली रक्तवाहिनी थोडा वेळ दाबून सोडतात. हृदयविकार किंवा पायात फुगलेल्या शिरा असणाऱ्यांनी हा प्रकार करू देऊ नये. मानेला झटका देऊन मोडणे तर कोणीच करू देऊ नये, कारण त्यात मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते.

मसाजापूर्वी भरपेट जेवू नये आणि आपली दुखणी व औषधे आधीच सांगावीत. दाबताना गोड वाटणारी कळ येणे स्वाभाविक आहे, पुढचे एक-दोन दिवस अंग हलके ठणकणेही. मात्र तीव्र, विजेसारखी सणक किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबवावे. थायलंडमध्ये 'बाव बाव' म्हटले की दाब हलका केला जातो. सोसत नसेल तर हे सांगायला संकोचू नये.