मोटारीने रामेश्वर : बेत तुमच्याही सोयीचा हवा

मैत्रिणींनो, आपल्या चंद्रपूरकडच्या जुन्या माणसांची रामेश्वरयात्रा म्हणजे बल्हारशाहला मद्रासची गाडी धरायची आणि वळकटी, फिरकीचा तांब्या घेऊन निघायचे, अशी असे. आता पुष्कळांच्या दारात मोटार आली, रस्ते रुंद झाले आणि रात्री जेवताना घरात विषय निघतो, "यंदा गाडीनेच जाऊ या रामेश्वरला!"

म्हणायला सोपे आहे हो. पण तेलंगणा, आंध्र, कर्नाटक ओलांडून तामिळनाडूचे टोक गाठायचे आणि तिथून समुद्रातल्या बेटावर जायचे, म्हणजे एका बाजूचे अंतरच साडेपंधराशे किलोमीटरच्या घरात. पॅरिसहून मोटारीने निघालेला माणूस एवढ्या अंतरात आल्प्स ओलांडून रोमच्याही पुढे जातो! पासपोर्ट न काढताच आपण तेवढा मुलूख आणि तेवढ्या भाषा बघणार आहोत.

असा बेत बहुधा घरातले पुरुष नकाशावर आखतात. पहाटे निघू, रात्री अमुक गाव गाठू! त्यात सासूबाईंचे गुडघे, धाकट्याची ओकारी आणि तुमची कुचंबणा यांचा हिशेब नसतो. म्हणून बेत आखताना तुम्हीही कागद-पेन्सिल घेऊन बसा.

कधी निघावे?

मे महिन्याची सुट्टी सोयीची वाटते, पण आपल्या चंद्रपूरचा मे म्हणजे भट्टी. पुढचा रायलसीमाही काही थंड नाही. मग दिवाळीत जावे? तिथेच बरेच जण फसतात. आपला पाऊस संपतो तेव्हा तामिळनाडूचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा खरा पावसाळा आणि वादळांचाही काळ. पोंगलची, म्हणजे आपल्या संक्रांतीची गर्दी ओसरली की जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मुलांची चार दिवस शाळा बुडेल, ते बाईंना आधी सांगून ठेवा. अमावास्येला रामेश्वरात पितृकार्यासाठी अलोट गर्दी होते आणि महाशिवरात्रीलाही. या तारखा पंचांगात बघून टाळा.

पंचांगाबरोबर स्वतःच्या तारखाही बघा. देवदर्शन चुकू नये म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेणाऱ्या कितीतरी जणी आहेत. असे करू नका. या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारूनच. त्यापेक्षा निघायची तारीखच आठ दिवस पुढे-मागे केली, तर काय बिघडले?

रोज किती पल्ला?

पावणेचारशे किलोमीटरच्या वर एका दिवसात जायचे नाही आणि दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही, हे दोन नियम आधीच कबूल करून घ्या. मग मुक्काम आपोआप ठरतात. पहिला दिवस राजुरा, आसिफाबाद, मंचेरियल, करीमनगर करीत हैदराबाद. दुसरा कर्नूलवरून अनंतपूर. तिसरा बंगलोरला वळसा घालून कृष्णगिरी. चौथा सेलमवरून मदुराई. पाचव्या दिवशी मदुराईतच थांबायचे. मीनाक्षीचे देऊळ घाईत बघण्यासारखे नाही आणि पाठीलाही विसावा हवाच. मदुराई ते रामेश्वर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, ते सहाव्या दिवशी. तिथे दोन रात्री धरल्या आणि परतीला चार-पाच दिवस, की पंधरवड्याची रजा लागते. तेवढी रजा नसेल तर मदुराईपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे भाड्याची गाडी करा. त्यात काही कमीपणा नाही.

पेट्रोलचा हिशेब घरीच करता येतो. जाऊन-येऊन आणि इकडे-तिकडे फिरून साधारण तेहतीसशे किलोमीटर धरा. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल तर दोनशे वीस लिटर लागेल. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा. टोलसाठी फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे हवेत. विमा, पीयूसी यांच्या मुदती आणि स्टेपनीतली हवा आठवडाभर आधी तपासून घ्या. गाडी भाड्याची असेल तर परराज्यात जायचे परमिट आहे का, आणि ड्रायव्हरच्या झोपायची सोय कोणी करायची, हे निघण्यापूर्वीच विचारा.

पाणी प्या, संकोच सोडा

वाटेत जायला जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणीही न पिता बसून राहणे ही आपल्या बायकांची जुनी खोड. मग जळजळ, ताप आणि यात्रा अर्ध्यावर. दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, हे घरीच स्पष्ट सांगा. पेट्रोल पंपावर आधी सोय बघा, मग टाकी भरा. साबण, टॉर्च, जुनी वर्तमानपत्रे आणि पाण्याची एक जादा बाटली हाताशी ठेवा.

पहिल्या दोन दिवसांपुरत्या दुधातल्या दशम्या, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे पुरेत. पुढे इडली, दहीभात सगळीकडे मिळतो आणि लहानांना-म्हाताऱ्यांना तो मानवतो. चौदा दिवसांचा डबा बांधून नेला, तर सुट्टी घरच्यांची होईल, तुमची नाही! भाषेचे भय नको. बल्लारपूर-राजुऱ्याच्या बाजारात तेलुगू आपल्या कानावर पडतेच. पुढे तमिळमध्ये 'तण्णीर' म्हणजे पाणी, एवढे आले तरी निम्मे काम भागते.

बेटावर पोचल्यावर

पांबनच्या सामुद्रधुनीवरचा रस्त्याचा पूल 1988 साली खुला झाला. त्यापूर्वी बेटावर मोटार नेण्याला पूलच नव्हता, होता तो 1914 सालचा रेल्वेचा. त्याच्या शेजारी एप्रिल 2025 मध्ये नवा रेल्वेपूल सुरू झाला आहे. जहाज आले की त्याचा मधला भाग उभा वर उचलला जातो. मुले हे बघून हरखून जातात.

देवळात बावीस तीर्थांचे स्नान असते, पण ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. तेव्हा प्रत्येकाचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत घ्या आणि स्वतःसाठी लवकर वाळणारी साडी नेसा. दुपारी देऊळ बंद असते. तो वेळ जेवण आणि विश्रांतीला ठेवा.

बेटाच्या टोकाला धनुष्कोडी आहे. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळाने ते गाव आणि प्रवाशांनी भरलेली एक आगगाडी समुद्राने गिळली. चर्चच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. 2017 पासून तिथवर डांबरी रस्ता झाला आहे. सकाळीच जाऊन या, अंधार पडेपर्यंत रेंगाळू नका. समुद्राला ओढ फार, पोहायला उतरू नका.

तुम्हाला एकनाथमहाराजांची कथा ठाऊकच आहे. रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. वाटेत सासूबाई थकल्या, मूल तापले किंवा तुम्हालाच बरे वाटेना, तर एक मुक्काम वाढवायला बिचकू नका. रामेश्वर कुठे पळून जात नाही.

निघताना शेजारच्या काकूंकडे तुळशीला पाणी घालायचे सोपवा, दूधवाल्याला सांगा, सिलिंडरचे रेग्युलेटर बंद करा. आणि गाडीत खिडकीजवळची जागा एखादा दिवस तरी स्वतःकडे ठेवा!