मधल्या पाच तासांचे सोलापूर

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि सोलापुरात खोळंबणाऱ्यांत एका नव्या प्रवाशाची भर पडली. कलबुर्गी, धाराशिव, लातूरकडून रेल्वेने किंवा एसटीने यायचे आणि विमान पकडायचे, नाहीतर विमानातून उतरून पुढच्या गाडीची वाट पाहायची. मधे चार-पाच तास हाताशी उरतात. हा प्रवासी बहुधा प्रतीक्षागृहातल्या खुर्चीत मोबाइल बघत बसतो. फार झाले तर चादरीचे एखादे दुकान गाठून परततो.

सोलापूरला वाटेवरचे गाव समजण्याची सवय जुनी आहे. १८६० मध्ये इथे रेल्वे आली. तेव्हापासून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला निघालेली माणसे या स्थानकावर उतरतात आणि लगेच दुसऱ्या गाडीत बसतात. शहर बघायचे राहून जाते. पाच तासांत सगळे शहर होत नाही, पण या शहराचे काम नीट बघून होते. सोलापुरात पाहण्यासारखे सगळ्यात मोठे काही असेल तर ते हे कामच.

सामान कुठे ठेवता येईल हे आधी विचारून घ्यावे आणि रिक्षा करून थेट पूर्व भागात जावे. इथल्या पेठांत तेलुगू कानावर पडते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. रस्त्याने चालताना खटखट, खटखट असा आवाज भिंतीमागून येतो, तो यंत्रमागांचा. एखाद्या दारात थांबून ‘जरा बघू का?’ असे विचारायला संकोच करू नये. मालकाची परवानगी मात्र घ्यावी आणि कामगारांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत.

आत गेल्यावर पहिल्यांदा आवाजच अंगावर येतो. बोलणे ऐकू येत नाही, कामगार एकमेकांशी हातवारे करून बोलतात. मागाच्या मागच्या बाजूला भीम असतो, म्हणजे ताण्याचे शेकडो धागे गुंडाळलेला मोठा रूळ. पुढे फणी, आणि धोटा या कडेचा त्या कडेला जातो तो नजरेत पकडताही येत नाही. धोट्यातली सुताची कांडी दर काही मिनिटांनी संपते. विणकर माग थांबवतो, रिकामी कांडी काढून भरलेली घालतो आणि खटका ओढतो. एवढे सगळे काही क्षणांत होते. बाजूला बायका कांड्या भरत बसलेल्या असतात. ताण्याची एखादी तार तुटली की ते विणकराच्या लगेच ध्यानात येते. बोटे धाग्यांच्या दाटीत शिरतात, तुटलेली टोके शोधतात, गाठ मारतात आणि माग पुन्हा चालू होतो. मजुरी बहुतेक ठिकाणी विणलेल्या मालावर असते, त्यामुळे थांबलेला माग म्हणजे बुडालेले पैसे.

आता मान वर करून बघावे. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसवलेले असते आणि त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ फिरत असते. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पुढे आणली. पुठ्ठ्यात जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेले धागे वर उचलले जातात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधल्या फटीतून धोटा जातो, पुढचा पुठ्ठा येतो. चादरीवरचा मोर, फूल, काठाची वेल, सगळे आधी या भोकांमध्ये लिहिलेले असते. सोलापुरी चादर उलटून पाहिली की तीच नक्षी मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होऊन दिसते. नक्षी छापलेली नसून विणलेली आहे, याची ती खूण. या चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

हवेत सुताची कसपटे तरंगत असतात, ती केसांवर, भुवयांवर बसतात. पाहुणा अर्ध्या तासात बाहेर पडतो, कामगार पूर्ण पाळी तिथेच असतो. चादरीची किंमत करताना हे आठवले पाहिजे.

या धंद्याच्या खुणा शहरभर दिसतात. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी गिरणी. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर उतरले आणि इंग्रजांनी शहरावर मार्शल लॉ लादला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांचे पुतळे भर शहरात आहेत. परतीच्या वाटेवर तिथे दोन मिनिटे उभे राहावे.

तिथून भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव जवळच आहेत. तलावातले सिद्धरामेश्वरांचे मंदिर संध्याकाळच्या उन्हात बघावे. बाराव्या शतकातल्या या शिवशरणांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि मकर संक्रांतीला भरणाऱ्या त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळे शहर लोटते. वेळ उरलाच तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेला हा डॉक्टर सोलापूरचा.

खाण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. शेंगाचटणी कुटताना बघायला मिळाली तर उत्तमच. भाजलेले दाणे, तिखट, लसूण, जिरे, मीठ एकत्र कुटत राहिले की दाण्यातले तेल सुटते आणि चटणी ओलसर, लालभडक होते. मिक्सरच्या पात्याने दाणे चिरले जातात, तेल तसे सुटत नाही. सोबत कडक भाकरी घ्यावी. ज्वारीची किंवा बाजरीची ही भाकरी पातळ थापून, भाजून पूर्ण वाळवतात, त्यामुळे ती प्रवासात बरेच दिवस टिकते. दोन्ही वस्तू वजनाला हलक्या आणि विमानाच्या सामानात सहज मावणाऱ्या.

सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी एक करावे. विमानतळावर आणि रेल्वे स्थानकावर एक साधा फलक लावावा: कोणत्या कारखान्यात, कोणत्या वेळी पाहुण्यांना माग बघता येतील, आणि तिथे पोचायला रिक्षाला किती वेळ लागेल. माग चालताना पाहिलेला माणूस चादरीच्या भावावरून घासाघीस करणार नाही.