मांजर आणि घरगुती गंध

पाळीव मांजर (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) हे गंधज्ञानावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असणारे मांसाहारी सस्तन प्राणी आहे. घरातील वासांना मांजर देत असलेल्या प्रतिसादाचे दोन भाग पडतात. पहिला भाग वर्तनाचा असून त्यात एखाद्या वासाकडे ओढले जाणे, त्यापासून दूर जाणे किंवा त्यावर स्वतःचा गंध लावणे यांचा समावेश होतो. दुसरा भाग शरीरक्रियेचा आहे. अनेक सुगंधी द्रव्ये, विशेषतः इसेन्शियल ऑइल या नावाने विकली जाणारी बाष्पनशील तेले, माणसाला निरुपद्रवी वाटत असली तरी मांजराला विषारी ठरू शकतात. वासाची आवडनिवड आणि विषारता या दोन स्वतंत्र बाबी आहेत. मांजराला आवडलेला पदार्थ सुरक्षित असतोच असे नाही, आणि घातक पदार्थापासून ते स्वतःहून दूर राहीलच याचीही खात्री नसते.

गंधज्ञानाची रचना

मांजराच्या नाकातील गंधग्राही ऊतकाचे क्षेत्रफळ माणसाच्या तुलनेत अनेक पटींनी अधिक असते. नाकपोकळीत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. त्यांच्यामुळे आत आलेल्या हवेचे दोन प्रवाह होतात. एक प्रवाह शुद्ध व उबदार होऊन फुप्फुसांकडे जातो, तर दुसरा थेट गंधग्राही भागाकडे वळतो.

नाकाशिवाय मांजराला जेकबसन इंद्रिय हे दुसरे गंधेंद्रियही असते. ते टाळूच्या वर असून त्याच्या नलिका वरच्या पुढच्या दातांमागे तोंडात उघडतात. दुसऱ्या मांजराच्या मूत्राचा वास घेताना मांजर वरचा ओठ किंचित उचलून, तोंड अर्धवट उघडे ठेवून काही क्षण स्तब्ध उभे राहते. या मुद्रेला फ्लेमेन प्रतिक्रिया म्हणतात. तिच्यामुळे गंधद्रव्ये जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचतात.

नवजात पिलांचे डोळे बंद असतात आणि त्यांना नीट ऐकूही येत नाही. आईची ऊब आणि वास यांच्या आधारे ती स्तनाग्र शोधतात. मोठ्या मांजराच्या बाबतीत आहाराची निवडही मुख्यतः वासावर होते. मांजराच्या गोड चवीच्या ग्राहीचे एक जनुक निकामी झालेले असल्याने त्याला गोड चव कळत नाही. सर्दीने नाक चोंदलेले मांजर अनेकदा खाणे सोडते. काही दिवस उपाशी राहिल्यास, विशेषतः लठ्ठ मांजरात, यकृतात चरबी साठण्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो.

गंधखुणा आणि परिचित वास

मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, पंजांच्या गाद्यांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला किंवा माणसाच्या पोटरीला गाल घासून मांजर त्या वस्तूवर आपला गंध सोडते. अशा खुणा असलेले घर त्याला ओळखीचे व सुरक्षित वाटते. तीव्र वासाच्या द्रवाने फरशी व फर्निचर पुसल्यावर या खुणा नाहीशा होतात. त्यानंतर काही मांजरे अस्वस्थ होतात, नव्याने अंग घासू लागतात किंवा मूत्र फवारतात.

मूत्राने खराब झालेली जागा अमोनियायुक्त द्रवाने पुसणे अयोग्य मानले जाते. अमोनिया हा मूत्रातही निर्माण होणारा घटक असल्याने त्या वासाने मांजर पुन्हा त्याच जागेकडे आकर्षित होऊ शकते. अशा ठिकाणी विकरयुक्त स्वच्छताद्रव वापरला जातो, कारण त्यातील विकरे दुर्गंधी निर्माण करणाऱ्या घटकांचे विघटन करतात.

आकर्षित करणारे गंध

मांजरांना आकर्षित करणाऱ्या वनस्पतींपैकी कॅटनिप (नेपेटा कटारिया) सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तुळस आणि पुदिना ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील ही वनस्पती आहे. तिच्यातील नेपेटालॅक्टोन या संयुगाचा वास आल्यावर मांजर पानांवर डोके घासते, लोळते, लाळ गाळते आणि पाने चावते. हा परिणाम साधारणतः ५ ते १५ मिनिटे टिकतो. त्यानंतर काही काळ मांजर त्याच वासाला प्रतिसाद देत नाही. सुमारे एकतृतीयांश मांजरांमध्ये ही प्रतिक्रिया दिसत नाही, तसेच अगदी लहान पिलांतही ती आढळत नाही. १९६२ मध्ये नील टॉड यांनी ही प्रवृत्ती आनुवंशिक असल्याचे दाखवले. ही प्रतिक्रिया जेकबसन इंद्रियामार्फत होत नसून नाकातील नेहमीच्या गंधग्राही ऊतकामार्फत होते.

जपान व चीनमध्ये आढळणारी सिल्व्हर वाइन ही वेलही असाच परिणाम घडवते. जपानमधील इवाते विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेले याविषयीचे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार या वेलीतील नेपेटालॅक्टॉल या संयुगाच्या वासाने मांजराच्या रक्तातील बीटा-एंडॉर्फिनचे प्रमाण वाढते. तसेच पाने अंगाला घासल्याने हे संयुग केसांना लागते आणि डास दूर राहतात. यावरून लोळण्याच्या या वर्तनाला उत्क्रांतीच्या दृष्टीने उपयुक्त कार्य असावे असे मानले जाते.

व्हॅलेरियनचे मूळ हेही मांजरांना आकर्षित करते. भारतात पडीक जागी व बागांत तण म्हणून उगवणाऱ्या खोकली (अकॅलिफा इंडिका) या वनस्पतीची मुळे उपटल्यावर मांजरे तेथे जमून लोळताना दिसतात.

नकोसे गंध

संत्रे, लिंबू यांसारख्या फळांच्या साली, व्हिनेगर, निलगिरी आणि पुदिना यांच्या तीव्र वासापासून बरीच मांजरे दूर जातात. कुंड्यांची माती उकरू नये म्हणून तेथे संत्र्याच्या साली ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली आहे. मात्र हा परिणाम मांजरागणिक बदलतो आणि वास उडून गेल्यावर तो संपतो. याच हेतूने सालींऐवजी त्यांचे तेल शिंपडणे मात्र धोक्याचे असते.

मलमूत्रपात्रातील सुगंधी माती माणसाच्या सोयीसाठी बनवलेली असते. तिचा वास न आवडल्याने काही मांजरे पात्र सोडून घरात इतरत्र शौच करतात. अशा वेळी गंधरहित माती वापरून पात्र नियमित स्वच्छ करणे हा पहिला उपाय सुचवला जातो.

बाष्पनशील तेलांची विषारता

कारणे

यकृतातील काही विकरे विविध द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती पाण्यात विरघळण्याजोगी करतात. त्यानंतर ती मूत्र किंवा पित्तावाटे शरीराबाहेर पडतात. मांजरात हा मार्ग अत्यंत दुर्बल असतो. या कामातील एक महत्त्वाचे विकर तयार करणारे यूजीटी१ए६ हे जनुक मांजरात निकामी असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. वनस्पतिजन्य अन्न फारसे न खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतील विषारी द्रव्ये निष्प्रभ करण्याची गरज कमी भासत असल्याने हे जनुक लोप पावले असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते. माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे.

बाष्पनशील तेलांत फिनॉल आणि टर्पीन गटांतील संयुगे मोठ्या प्रमाणात असतात. ही तेले मेदात विरघळणारी असल्याने त्वचा, तोंड आणि श्वसनमार्ग यांतून झपाट्याने शोषली जातात. शिवाय ती अतिशय संहत असतात. पुदिन्याचे पान हुंगणे आणि पुदिन्याच्या तेलाचा थेंब अंगावर पडणे यांत मात्रेचा फार मोठा फरक आहे.

संपर्काचे मार्ग

तेल थेट त्वचेवर लावणे हा सर्वांत गंभीर संपर्क होय. मांजर दिवसातून अनेकदा अंग चाटते. त्यामुळे केसांवर पडलेले तेल पोटातही जाते. विजेवर चालणारे काही सुगंधप्रसारक तेलाचे सूक्ष्म तुषार हवेत सोडतात. हे तुषार केसांवर व अंथरुणावर बसतात आणि चाटण्यातून शरीरात शिरतात. काड्या बुडवलेल्या बाटल्यांतून केवळ वाफ पसरत असली तरी बाटली कलंडल्यास तेल सांडण्याचा धोका असतो.

प्रमुख तेले

टी ट्री, निलगिरी, लवंग, दालचिनी, पुदिना, विंटरग्रीन, पाइन आणि लिंबूवर्गीय फळांची तेले मांजरांसाठी धोकादायक मानली जातात. विंटरग्रीनच्या तेलातील मिथिल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनशी संबंधित संयुग मांजराच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. टी ट्री तेलामुळे कुत्री व मांजरांना झालेल्या विषबाधेच्या २००२ ते २०१२ या काळातील ४४३ घटनांचा आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला आहे. लाळ गळणे, मलूलपणा, तोल जाणे, पायांतील अशक्तपणा आणि कंप ही त्यांत नोंदवलेली प्रमुख लक्षणे होती.

भारतीय घरांतील पदार्थ

भारतीय घरांत सुगंधी तेलाच्या बाटल्या नसल्या तरी त्याच गुणधर्मांची अनेक द्रव्ये रोजच्या वापरात असतात.

कापूर: त्वचेतून व पोटातून लवकर शोषला जातो आणि मज्जासंस्थेवर परिणाम करून झटके आणू शकतो. नैसर्गिक कापूरही याला अपवाद नाही. कापूर व निलगिरीयुक्त वेदनाशामक मलमे आणि सर्दीवरील मलमे याच गटात येतात.

डांबराच्या गोळ्या: नॅफ्थलीनपासून बनवलेल्या या गोळ्या गिळल्यास तांबड्या रक्तपेशींना इजा होते. मांजराच्या हीमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण सहज होत असल्याने ते याला विशेष बळी पडते.

फिनाईल: काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल गटातील संयुगे, तर पांढऱ्या फिनाईलमध्ये बहुधा पाइन तेल असते. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर नंतर पंजे चाटते. त्यामुळे फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दूर ठेवणे आवश्यक असते.

ब्लीच: याच्या वासाकडे काही मांजरे ओढली जातात आणि पुसलेल्या जागी लोळतात. मात्र ब्लीचमुळे तोंड, डोळे व श्वसनमार्ग यांचा दाह होतो.

उदबत्ती, धूप आणि लोबान: यांच्या धुरातील सूक्ष्म कणांमुळे दमा असलेल्या मांजरांचा त्रास वाढतो. बंद खोलीत हा परिणाम अधिक होतो.

कुत्र्यांसाठीची गोचीड व पिसवानाशके: यांतील परमेथ्रिन मांजराला अत्यंत विषारी असून त्याने तीव्र कंप व झटके येतात. कुत्र्याच्या अंगावर नुकतेच लावलेले औषध मांजराने चाटल्यासही विषबाधा होऊ शकते.

लक्षणे आणि प्रथमोपचार

लाळ गळणे, उलटी, डोळ्यांतून पाणी येणे, शिंका, खोकला, धाप, तोल जाणे, कंप, सुस्ती आणि शरीराचे तापमान उतरणे ही बाष्पनशील तेलांच्या विषबाधेची सामान्य लक्षणे आहेत. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हे मांजरात गंभीर लक्षण मानले जाते. केसांना किंवा श्वासाला येणारा तेलाचा वास निदानास मदत करतो.

मांजराला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. तेल अंगावर असल्यास भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाने व कोमट पाण्याने ते धुवून अंग कोरडे करावे. मांजर अंग चाटणार नाही याची काळजी घ्यावी. उलटी करवू नये, कारण पातळ तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांना इजा होऊ शकते. दूध, तेल, तूप किंवा माणसाची औषधे देऊ नयेत. तेलाची बाटली किंवा वेष्टन सोबत घेऊन पशुवैद्यकाकडे जावे, म्हणजे त्यातील घटक कळून उपचार लवकर ठरवता येतात. या विषावर विशिष्ट उतारा नसल्याने उपचार मुख्यतः शिरेतून द्रव देणे, ऊब देणे, झटके थांबवणे आणि यकृताचे रक्षण करणे या स्वरूपाचे असतात.

प्रतिबंध

पिले, वृद्ध मांजरे आणि यकृताचे किंवा श्वसनाचे विकार असलेली मांजरे यांना धोका अधिक असतो. सुगंधप्रसारक, धूप किंवा उदबत्ती वापरायची झाल्यास खोली हवेशीर ठेवावी आणि मांजराला दुसऱ्या खोलीत जाण्याचा मार्ग मोकळा असावा. पिसवा घालवण्यासाठी किंवा जखमेवर कोणतेही बाष्पनशील तेल लावू नये. ‘नैसर्गिक’ किंवा ‘वनौषधीयुक्त’ असा उल्लेख वेष्टनावर असला तरी त्यावरून ते मांजरासाठी सुरक्षित ठरत नाही. अन्न, पाणी आणि मलमूत्रपात्र ठेवलेल्या जागा तीव्र वासांपासून मुक्त ठेवल्यास मांजराचे खाणेपिणे व स्वच्छतेच्या सवयी सुरळीत राहण्यास मदत होते.