हात वर करण्याऐवजी उद्गारचिन्ह!

पुण्याहून भोर सुमारे ५० किलोमीटरवर. परंतु भाटघरच्या जलाशयाकाठी किंवा वेल्ह्याच्या (तालुक्याचे नाव आता राजगड) डोंगरकुशीत मोबाइलची रेंज कधी दगा देईल, याचा नेम नसतो. अशा भागातील नवशिक्यांसाठी प्रोग्रॅमिंगची कार्यशाळा व्हिडिओद्वारे घ्यायची, तर चित्र थबकते आणि आवाज तुटतो. मजकुराला मात्र क्षीण जोडणीही पुरते. म्हणूनच जुन्या चॅट रूमचा विचार येथे करावासा वाटतो.

‘आयआरसी’ ही अशा गप्पांची पद्धत १९८८ मध्ये फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी निर्माण केली. पश्चिम बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने २००८ पासून तिच्यावर उन्हाळी प्रशिक्षण वर्ग घेतले. आरंभी हजेरी, शंका असल्यास केवळ उद्गारचिन्ह टंकायचे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. ही शिस्त नसेल, तर तीसजणांच्या एकदम विचारण्यात शिक्षकाचे उत्तर वाहून जाते.

सर्वजण एकाच सभागृहात बसले असले, तरी या खोलीचा उपयोग आहेच. चारचौघांत ‘समजले नाही’ म्हणण्यास संकोचणारा विद्यार्थी तेच टंकून विचारतो. शिवाय पडद्यावरील त्रुटीसंदेश जसाच्या तसा उतरवता येतो. ‘काहीतरी एरर येते’ या तक्रारीपेक्षा तो कितीतरी अधिक सांगून जातो.

मराठी विद्यार्थ्याच्या अडचणी जरा निराळ्या. आयआरसीवरील एका संदेशाची मर्यादा ५१२ बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी प्रत्येकी तीन बाइट घेतात! सविस्तर मराठी प्रश्न त्यामुळे दीडशे-एक चिन्हांनंतर तुटू शकतो. तो दोन संदेशांत विभागलेला बरा. पायथन ३ मध्ये ‘वय’ असे देवनागरी नाव चलाला देता येते. पण आज्ञेत थेट ‘५’ लिहिल्यास ती चूक ठरते. गंमत म्हणजे वापरकर्त्याने मजकूर म्हणून भरलेल्या त्याच ‘५’ चे रूपांतर पायथन पूर्णांकात बिनतक्रार करते. काही फोन सरळ अवतरणचिन्हे परस्पर वळणदार करतात आणि चांगली आज्ञावली अडून बसते. ओळीच्या प्रारंभीची मोकळी जागा हा तर पायथनच्या व्याकरणाचाच भाग. चॅटमध्ये चिकटवताना ती नाहीशी झाली, की अर्थच बिघडतो. यास्तव लांब आज्ञावली स्वतंत्र पानावर ठेवून खोलीत केवळ तिचा दुवा द्यावा.

साध्या आयआरसीत जोडणी तुटलेल्या काळातील संदेश मागाहून मिळत नाहीत. आयोजकांनी संवादाची नोंद जपून ती त्याच दिवशी उपलब्ध करून देणे त्यामुळे अगत्याचे. तासाभराची ती फाइल मोबाइलने काढलेल्या एखाद्या छायाचित्राहूनही लहान असते. वीज गेल्यामुळे वर्ग हुकलेल्याला ती रात्री उतरवून घेता येते.